ओबामा जिंकले, पेढे तुम्ही कसले वाटताय?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

2012 च्या अध्यक्षीय निवडणुकीत ओबामा पुन्हा निवडून आले, त्यावरचा कालचा तुमचा अग्रलेख इथे न्यू जर्सीत ई-पेपरवर वाचला. सँडी वादळानंतर आमच्याकडे लाइट नुकतीच आलीय, आणि अग्रलेख वाचून वाटलं की अजून दोन दिवस नसती आली तरी चाललं असतं. एवढा आनंद की जणू ओबामा कसब्याच्या पोटनिवडणुकीत निवडून आलेत! जिंकले ते जिंकले, अभिनंदन. 538 पैकी 303 इलेक्टोरल मतं (राज्याराज्यांच्या वाट्याची, अध्यक्ष ठरवणारी) काही थोडी नाहीत, फ्लोरिडाची मोजणी तर हे लिहिताना चालूच आहे. पण "अमेरिकेतल्या भारतीयांनी एकमुखाने" त्यांना निवडलं, हे तुम्ही कुणाला विचारून लिहिलंत? मी जन्माने सातारचा, नागरिक इथला, आणि मंगळवारी ओबामांच्या विरोधातल्या रिपब्लिकन उमेदवाराला, रॉम्नींना, मत देऊन आलो. न्यू जर्सीची 14 मतं ओबामांना जाणार हे शेंबडं पोरही सांगेल, तरी वादळानंतरच्या पेट्रोलच्या सम-विषम नंबरच्या भानगडीत गाडी काढून दिलं.

माझा छोटासा प्रिंटिंगचा धंदा आहे, त्याचा नफा माझ्याच टॅक्स रिटर्नमध्ये धरतात. ओबामांनी वर्षाला अडीच लाख डॉलरच्या वर कमावणाऱ्यांचा टॅक्स वाढवू म्हटलं की तुम्हाला वॉल स्ट्रीट दिसतो, पण एखाद्या बऱ्या वर्षी कागदावर तो आकडा माझ्यासारख्याचाही होतो आणि त्यातले निम्मे पैसे पुढच्या मशीनसाठी बाजूला काढलेले असतात. देशाचं कर्ज 2012 मध्ये 16 ट्रिलियन डॉलरच्या वर गेलं. याचा विचार करून मत दिलं. बंदूक माझ्याकडे नाही, चर्चला जात नाही, संकष्टी मात्र करतो, तेव्हा तुमच्या त्या "बंदूक आणि बायबलवाले" मतदारात मला कुठे बसवायचं ते बघा.

आता आमच्या रिपब्लिकन पार्टीचं. खरा राग तिकडेच आहे, तुम्ही मधे सापडलात. ऑक्टोबरमध्ये मी हौसेने प्रचाराच्या एका ऑफिसात मतदारांना फोन करायला गेलो. पेनसिल्व्हेनियात फोन लावायचे होते, 1988 नंतर ते राज्य आमच्याकडे आलेलं नव्हतं पण रॉम्नींनी ओबामांवर मात केली त्या डेन्व्हरच्या डिबेटनंतर सगळ्यांच्या अंगात आलं होतं. तिथल्या पोराने, असेल पंचविशीतला, माझं आडनाव वाचायचा प्रयत्न केला, सोडून दिला, आणि एक वेगळी यादी काढून हातात ठेवली. सगळे पटेल, शहा आणि देसाई. म्हणे तुम्ही त्यांच्या भाषेत बोला. अरे बाबा, माझी गुजराती "केम छो"च्या पुढे जात नाही! त्याला समजावलं तर तो हसून म्हणाला, पण तुम्ही लोक एकमेकांना ओळखत असालच ना. केले फोन, इंग्रजीत. एका आजोबांनी अख्खा वेळ माझं गाव कुठलं, मुलं काय करतात हे विचारलं आणि शेवटी म्हणाले की रॉम्नी माणूस बरा वाटतो, पण इतक्या वर्षांत तुमच्या पार्टीचा हा पहिलाच फोन. यावर काय बोलणार? कागदावर "अनिश्चित" असं लिहिलं आणि पुढचा नंबर लावला.

अशाने मतं मिळतात होय? त्यात आमचे सिनेटचे उमेदवार, मिसुरीत एकिन आणि इंडियानात मरडॉक, बलात्कारावर नको ते बोलून जिंकता येण्यासारख्या जागा घालवून बसले. रॉम्नींनी देणगीदारांसमोर ते 47 टक्क्यांचं भाषण ठोकलं, की एवढे लोक इन्कम टॅक्स भरत नाहीत, सरकारवर अवलंबून राहतात, त्या 47 टक्क्यांत आमच्या गल्लीतला रिटायर्ड फौजीसुद्धा येतो ज्याच्या अंगणात रॉम्नींचीच पाटी होती, वादळात उडाली तर त्याने शोधून परत लावली! न्यू जर्सीचे 2012 मधले गव्हर्नर ख्रिस्ती, आमच्याच पार्टीचे, ऑगस्टमध्ये टॅम्पाच्या पार्टी अधिवेशनात मुख्य भाषण यांचंच, ते मतदानाला आठवडा नसताना ओबामांबरोबर किनाऱ्यावर फिरून त्यांचं कौतुक करत होते. वादळात मदत हवी हे मलाही कळतं, चार शब्द कमी बोलले असते तर मदत थांबली नसती. आणि मंगळवारी रात्री ओहायो राज्य ओबामांकडे गेल्यावरही फॉक्स चॅनलवर आमच्या पार्टीचे रणनीतीकार कार्ल रोव्ह आकडे घेऊन भांडतायत, शेवटी अँकरबाई स्टुडिओतून उठून आकडेवाल्यांच्या खोलीपर्यंत चालत गेल्या विचारायला. बायको म्हणाली बंद करा तो टीव्ही. केला.

पण यातून "पुराणमतवादी विचार अमेरिकेने कायमचा गाडला" हा तुमचा निष्कर्ष कुठून आला? त्याच मंगळवारी त्याच देशाने हाऊस, म्हणजे संसदेचं कनिष्ठ सभागृह, रिपब्लिकनांकडे ठेवलं, टॅक्सचं बिल तिथूनच सुरू होतं, ते तुमच्या अग्रलेखात एका ओळीतही नाही. इंडियाना आणि नॉर्थ कॅरोलिना 2008 ला ओबामांकडे होती, ती परत आमच्याकडे आली, तेही नाही. व्हाइट हाऊसच्या पलीकडे वॉशिंग्टनमध्ये अजून एक इमारत आहे साहेब, घुमटवाली, संसदेची.

आणखी एक. मागे मी H1 व्हिसावर (इथे नोकरीसाठी येणाऱ्यांच्या) लिहिलेलं पत्र तुम्ही छापलंत, आभार, पण मधला परिच्छेद उडवल्यामुळे मी जे खोडून काढत होतो तेच माझं मत म्हणून छापून आलं. आमच्या महाराष्ट्र मंडळात लोक अजून त्यावरून चिडवतात, दिवाळीच्या कार्यक्रमात आता रॉम्नींवरून चिडवतीलच. तर हे पत्र जागेअभावी कापायचं झालं तर आजोबांचा फोन कापा, बायकोचं वाक्यही कापा, हाऊसचा मुद्दा तेवढा राहू द्या.

आपला वाचक,
एडिसन, न्यू जर्सी