चहा म्हणजे ‘काही’ नाही का?

संपादक साहेब, नमस्कार.

महिन्यापूर्वी आईचं पित्ताशयाचं ऑपरेशन झालं, दुर्बिणीतून, आणि ते ठरल्यापेक्षा एक दिवस उशिरा झालं ते अर्धा कप चहामुळं. म्हणून हे पत्र.

आदल्या रात्री कॉटला एक पाटी अडकवली होती, त्यावर इंग्रजीत तीन अक्षरं, एनबीएम (निल बाय माउथ, म्हणजे तोंडावाटे काही द्यायचं नाही). सिस्टर जाता जाता म्हणाल्या, सकाळी काही देऊ नका. आता आमच्याकडं ‘काही’ म्हणजे पोहे, उपमा, चपाती. चहा त्यात धरतच नाहीत. सकाळी सहाला आत्या थर्मास घेऊन हजर, आईला अर्धा कप दिला वर दोन बिस्किटं, आणि नऊ वाजता ऑपरेशन थिएटरच्या (ओटीच्या) दारात भूल देणाऱ्या मॅडमनी विचारलं सकाळपासून पोटात काय गेलंय, तर आई बिचारी खरं बोलली. लगेच केस पुढं ढकलली, त्या दिवशीची लिस्ट फुल्ल म्हणून थेट दुसऱ्या दिवशी.

बाबा जाम भडकले, अर्धा कप चहानं काय होतंय म्हणून. खरं सांगायचं तर मीपण भडकले होते. मग मॅडमनी बाहेर येऊन पाच मिनिटं समजावलं. एरवी पाणी चुकीच्या वाटेनं गेलं की ठसका लागतो ना, पूर्ण भूल दिली की तो ठसकाच लागत नाही, पोटातलं वर आलं तर सरळ फुप्फुसात उतरतं आणि त्यात जीवावर बेतू शकतं. साधं पाणी, कोरा चहा पोटातून लवकर पुढं सरकतो म्हणून २ तास आधीपर्यंत चालतो, पण दूध पोटात गेलं की त्याचं दही-पनीर होतं, म्हणून दुधाचा चहा हा हिशेबानं जेवणच, त्याला ६ तास लागतात, आणि तळलेलं नाहीतर मटण असलं तर ८. हे तास सगळ्यांना सारखे नसतात, शुगरवाल्यांनी तर विचारल्याशिवाय काहीच ठरवू नये. आणि गंमत म्हणजे आमच्या शेजारच्या कॉटवरच्या आजोबांनी उलटी चूक केली, ‘काही घ्यायचं नाही’ म्हणून बीपीची गोळीपण घेतली नाही, ती त्यांना घोटभर पाण्याबरोबर घ्यायची होती.

हे सगळं आदल्या दिवशी कोणी का नाही सांगितलं? आदल्या दिवशी ‘फिटनेस’ म्हणून ईसीजी, रक्त, सगळं झालं, पण सह्या घेतल्या त्या कागदावर मराठीत एक ओळ नव्हती.

दुसऱ्या दिवशी सकाळी मात्र मॅडम स्वतः कॉटपाशी आल्या. आईला तोंड मोठं उघडायला लावलं, मान मागं करायला लावली, कुठला दात हलतोय का, कवळी आहे का (श्वासाची नळी घालताना दात पडून आत जाऊ शकतो म्हणे), आधी कधी भूल दिली होती का, घरात कुणाला भुलेचा त्रास झाला होता का. मग बाबांना आणि मला बाहेर पाठवलं. तेव्हा कुठं आईनं कबूल केलं की ती चाळीस वर्षं मशेरी लावते. आम्हाला माहीत होतं हो, पण तोंडानं तिनं कधी सांगितलं नव्हतं, फॉर्मवर ‘व्यसन नाही’ असंच लिहिलेलं. तंबाखू, दारू, रक्त पातळ करायच्या गोळ्या, वैद्याचा काढा, भूलतज्ज्ञापासून यातलं काहीही लपवू नका, ते कीर्तन करायला नाही विचारत, औषधाचा हिशेब बसवायला विचारतात.

आतलं आईनं सांगितलं ते असं. ओटीत थंडी फार, टेबल अगदी अरुंद, बोटाला चिमटा लावला (म्हणून नेलपॉलिश काढायला लावतात), तोंडावर ऑक्सिजनचा मास्क धरला आणि सलाईनमधून दुधासारखं पांढरं औषध सोडलं तेव्हा हात चांगलाच चुरचुरला. त्यापुढं एकदम रिकव्हरी रूमच. झोपेत निदान कूस बदललेली तरी कळते, इथं मधले दोन तास कापूनच काढलेले. बाबांना वाटायचं एक इंजेक्शन देऊन भूलवाले जातात, बिलावरची त्यांची फी बघून तेच पुटपुटत होते, पण ऑपरेशनभर ते डोक्याशी बसून श्वास, बीपी, ऑक्सिजन बघत असतात, औषध सतत चालू असतं, शेवटी बंद केलं की माणूस जागा होतो.

मध्येच जाग आली तर, ही भीती मलापण होती. ब्रिटन-आयर्लंडमध्ये यावर मोठा अभ्यास झालाय, २०१४ साली छापून आला, त्यात साधारण १९,००० भुलींमागं एकानं अशी तक्रार केली होती.

नंतरचं मात्र आम्हाला कोणीच सांगितलं नव्हतं. शुद्धीवर येताना आई दात वाजेपर्यंत कुडकुडत होती, दोन ब्लँकेटं घातली. घसा दुखत होता, तो नळीमुळं. उजवा खांदा दुखायला लागला तेव्हा आम्ही हार्टचं समजून धावाधाव केली, तर दुर्बिणीच्या ऑपरेशनात पोटात गॅस भरतात त्याची ती कळ, एकदोन दिवसात जाते. रात्री तिनं मला मावशीच्या नावानं हाक मारली आणि गोठ्यातली म्हैस सोडली का विचारलं, गोठा जाऊन पंचवीस वर्षं झाली. वयस्कर माणसांत असं एकदोन दिवस होऊ शकतं, अशा वेळी चष्मा, कानाचं मशीन लवकर परत द्यायचं, घरचं कोणीतरी जवळ बसायचं आणि डॉक्टरांना सांगायचं. हे आधी माहीत असतं तर मी रात्रभर जिन्यात रडत बसले नसते.

तुमच्या आरोग्य पुरवणीत हे एकदा मोठ्या अक्षरात छापा. आणि हॉस्पिटलवाल्यांना एवढंच, त्या एनबीएमच्या पाटीखाली खडूनं मराठीत लिहा: चहा, दूध, बिस्किटसुद्धा नाही.

– एक वाचक, सांगली