भिंतीवरचा सील

महोदय,

आमच्या गावच्या किनाऱ्यालगतची लांबलचक भिंत नुकतीच समुद्री प्राण्यांच्या चित्रांनी रंगवली गेली. हेतू चांगला, रंगही झकास. पण सुरुवातीलाच नाकावर चेंडू तोलणारा 'सील' आहे. एक तर कोकणच्या समुद्रात सील नाही. त्यात चित्रकाराने त्याला बाहेर कान काढले आहेत, म्हणजे तो सीलसुद्धा नव्हे, सी लायन! शेजारचा निळाशार डॉल्फिन टीव्हीवरून उतरलेला. सिंधुदुर्गात किनाऱ्याजवळ दिसतो तो हंपबॅक डॉल्फिन. करड्या रंगाचा, पाठीवर लांबट उंचवटा आणि त्यावर छोटासा पर. ते कुबडच गायब.

अशा वेळी एडवर्ड विल्सन आठवतो. कॅप्टन स्कॉटच्या दोन्ही अंटार्क्टिका मोहिमांतला हा डॉक्टर-चित्रकार. उघड्यावर जलरंग गोठायचे, म्हणून तो बर्फावर पहुडलेल्या वेडेल सीलचे पेन्सिलीने रेखाटन करी, कुठे कोणती छटा ते शब्दांत टिपून ठेवी आणि निवाऱ्यात दिव्याच्या उजेडात रंग भरी. १९१२ मध्ये दक्षिण ध्रुवावरून परतताना स्कॉटबरोबरच त्याचाही मृत्यू झाला. चित्रे मात्र आजही अभ्यासकांच्या उपयोगी पडतात.

आपल्याकडे तर बोटे गोठत नाहीत. पुढची भिंत रंगवण्याआधी चित्रकारांना एखाद्या सकाळी होडीतून फिरवून आणावे. वडिलांबरोबर मासेमारीला जाणारी माझ्या वर्गातली मुले डॉल्फिनचे कुबड बरोबर काढतात. त्यांना कुणी विचारलेच नाही.

– एक चित्रकला शिक्षक, जि. सिंधुदुर्ग