कॅनमधले दूध कॅनपाशीच तपासता यावे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

दुधात युरिया घातला, ग्लुकोज घातले, अशा बातम्या वाचून लोकांना त्या पाठ झाल्या आहेत. पण मनात कसलीही खोट नसताना दुधात अँटिबायोटिक उतरते, त्यावर फारसे कोणी बोलत नाही. मी पलूस तालुक्यातल्या एका गावच्या दूध संस्थेचा सचिव. सांगलीत केमिस्ट्री घेऊन बी.एस्सी. केली आणि फॅट-एसएनएफच्या (दुधातली स्निग्धता आणि बाकीचे घन पदार्थ मोजणाऱ्या) मशीनपुढे येऊन बसलो, म्हणून हे लिहायचे धाडस करतो.

गाईला दगडी (कासेचा दाह) झाली की सडात अँटिबायोटिकची ट्यूब सोडतात. इतके दिवस दूध घालू नका, असे डॉक्टर बजावतात. पण ज्याच्या घरचा बँकेचा हप्ता दोन गाईंवर चालतो, तो दोन्ही वेळचे दूध ओतून देईल कसा? तो तीन सडांचे दूध घेऊन येतो. "ट्यूब एकाच सडात सोडलीय की, अण्णा!" हे मला तोंडावर ऐकवले जाते. औषध मात्र रक्तावाटे थोडेफार बाकीच्या सडांतही उतरते.

हे 'थोडेफार' किती महागात पडते पाहा. कोडेक्स या आंतरराष्ट्रीय अन्न-मानकानुसार पेनिसिलिनची मर्यादा लिटरला ४ मायक्रोग्रॅम आहे. म्हणजे हजार लिटरच्या बल्क कूलरला (सगळ्यांचे दूध एकत्र गार करायच्या टाकीला) ४ मिलिग्रॅम झाले, आणि ट्यूबमध्ये औषध असते शेकडो मिलिग्रॅम. गेल्या पावसाळ्यात औषध सापडले म्हणून आमचा टँकर प्लँटवरून परत आला. पैसे सगळ्यांच्या बिलातून कापले गेले, ज्यांच्या गोठ्यात आजारच नव्हता त्यांच्याही. दूध कोणाचे होते ते आजतागायत कळलेले नाही, कारण तपासणी टँकरची होते, कॅनची नाही. २०१८ च्या राष्ट्रीय दूध सर्वेक्षणात ६,४३२ पैकी ७७ नमुन्यांत अँटिबायोटिक मर्यादेबाहेर सापडले होते. आकडा लहान दिसतो, पण एका कॅनने आख्खा कूलर जातो हे ध्यानात घ्या.

दुधात जिवाणू वाढतात की औषधाने थांबतात हे बघणाऱ्या चाचणीला ६४ अंश तापमानात तीनेक तास लागतात, तेवढ्यात आमचा टँकर निघून गेलेला असतो. झटपट पट्ट्या मिळतात, पण कॅनगणिक एक पट्टी वापरली तर सभासदाच्या हातात उरणार काय? म्हणून मला धातूच्या इलेक्ट्रोडवरच्या तपासणीत रस आहे. इलेक्ट्रोडला ठरावीक व्होल्टेज दिले की औषधाचा रेणू तिथे इलेक्ट्रॉन देतो किंवा घेतो, आणि वाहणाऱ्या प्रवाहावरून त्याचे प्रमाण काढता येते. रक्तातली साखर बघायचा ग्लुकोमीटर याच जातीचा. क्लोरॅम्फेनिकॉल या अँटिबायोटिकच्या रेणूतला नायट्रो गट (नायट्रोजन-ऑक्सिजनचा भाग) चांदीवर इलेक्ट्रॉन घेतो. जेंटामायसिन हे दुसरे अँटिबायोटिक अल्कधर्मी द्रावणात सोन्यावर सापडते, मात्र व्होल्टेज टप्प्याटप्प्याने बदलत पृष्ठभाग साफ ठेवावा लागतो. (सोने म्हटले की लोक दचकतात. पट्टीवरचा थर नॅनोमीटरमध्ये मोजायचा असतो, तोळ्यात नव्हे.) पेनिसिलिन तेवढे हट्टी. ते सरळ दाद देत नाही, त्यासाठी सोन्यावर त्याला ओळखणारी अँटिबॉडी किंवा एन्झाइम बसवावे लागते.

खरी अडचण दुधाचीच आहे. बीकरमधल्या स्वच्छ बफरमध्ये (प्रयोगशाळेतल्या साध्या द्रावणात) प्रवाहाच्या आलेखावर उंच दिसणारे टोक दुधात झोपते, कारण केसीन हे दुधातले प्रथिन आणि फॅट इलेक्ट्रोडवर जाऊन बसतात. त्यात दगडी झालेल्या गाईचे दूध आणखी वेगळे. त्यात सोडियम आणि क्लोराइड वाढलेले असते, आणि क्लोराइडने चांदीवर सिल्व्हर क्लोराइडचा थर चढतो. म्हणजे ज्या दुधात औषध शोधायचे, तेच दूध इलेक्ट्रोडला सर्वांत जास्त छळणार. पिशवीतल्या पाश्चराइज्ड दुधात औषध मिसळून केलेला प्रयोग त्यामुळे माझ्या लेखी अर्धाच. विलिंग्डन, वालचंद आणि शिवाजी विद्यापीठातल्या मंडळींनी आजारी जनावराच्या ताज्या दुधावर काम करावे. सगळी औषधे एकाच यंत्राने सापडावीत असा आग्रह नाही. आमच्या भागात सर्रास वापरली जाणारी दोन-तीन सापडली, आणि त्या यंत्राने नुसते 'घ्या' किंवा 'बाजूला ठेवा' एवढे सांगितले, तरी पुरे.

दूध संघांनाही एक विनंती. जो सभासद आपणहून सांगतो की गाय औषधावर आहे, त्याला तेवढ्या दिवसांचा निम्मा तरी दर द्या. आज खरे बोलणाऱ्याचे दूध परत जाते आणि गप्प बसणाऱ्याचे कूलरमध्ये जाते. परत आलेल्या एका टँकरच्या पैशात अशी पुष्कळ बिले भागतील.

कोणा महाविद्यालयाला नमुने हवे असतील तर संकलनाच्या वेळी, सकाळी साडेसहा ते आठ, माणूस पाठवावा. कोणत्या जनावराला कोणते औषध कधी दिले ही नोंद, आणि त्याच्या दुधाची बर्फात ठेवलेली बाटली, दोन्ही तयार ठेवणे माझ्याकडे लागले.

– एक दूध संस्था सचिव, ता. पलूस, जि. सांगली