स्पॉन्सरशिपचा अर्ज आणि एकमेकांशी न जुळणारे दाखले

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

तुळशीचे लग्न लागले की नाशिकमध्ये परदेशस्थ मुलामुलींच्या लग्नांची घाई सुरू होते. दोन-तीन आठवड्यांची रजा काढून आलेला नवरा मुलगा किंवा नवरी मुलगी लग्नानंतर लगेच परत जाते आणि जोडीदाराला तिकडे नेण्यासाठी जो स्पॉन्सरशिपचा अर्ज करावा लागतो, त्याची कागदपत्रे गोळा करण्याचे काम इथे राहिलेल्या घरच्या मंडळींवर येऊन पडते. एका अनुदानित शाळेच्या कार्यालयात मी अनेक वर्षे दाखले लिहिण्याचे काम केले. त्यामुळे नात्यातले आणि ओळखीतले लोक असे अर्ज पाठवण्याआधी कागद तपासून घ्यायला माझ्याकडे येतात. त्यांच्या पिशवीत कागद कमी असतात असे क्वचितच घडते. अडचण येते ती हे कागद एकमेकांशी जुळत नाहीत म्हणून, आणि ही विसंगती बहुतेक वेळा आपल्याच घरांत आणि आपल्याच कार्यालयांत तयार झालेली असते. या विषयाकडे वाचकांचे आणि स्थानिक प्रशासनाचे लक्ष वेधावे, यासाठी हे पत्र लिहीत आहे.

कॅनडाचे उदाहरण घेते, कारण माझ्याकडे येणाऱ्यांत कॅनडाचे अर्ज अधिक असतात. तिथला नागरिक किंवा कायम रहिवासी आपल्या पती किंवा पत्नीला स्पॉन्सर करतो आणि तिच्या किंवा त्याच्या मूलभूत गरजांची जबाबदारी तीन वर्षे उचलण्याची लेखी हमी देतो. जोडीदारासाठी बहुतेक प्रकरणांत किमान उत्पन्नाची अट नाही. ब्रिटनमध्ये मात्र एप्रिल २०२४ पासून वर्षाला २९,००० पौंड उत्पन्न दाखवावे लागते, आणि अमेरिकेत स्पॉन्सरचे उत्पन्न सर्वसाधारणपणे तिथल्या सरकारने ठरवलेल्या दारिद्र्यमर्यादेच्या किमान १२५ टक्के असावे लागते. हे पैशांचे कागद तिकडचा माणूस जमवतो. इकडच्या माणसाने द्यायचे असते ते ओळखीचे, जन्माचे, विवाहाचे आणि नात्याचे पुरावे. कॅनडाच्या नियमांनुसार दोन गोष्टी तपासल्या जातात: विवाह खरा आहे का, आणि तो मुख्यतः तिथे प्रवेश मिळवण्यासाठी केलेला नाही ना. यांपैकी एका जरी मुद्द्यावर अधिकाऱ्याची खात्री पटली नाही, तर अर्ज नाकारला जाऊ शकतो. अर्जदाराला न भेटता केवळ कागद पाहणाऱ्या त्या अधिकाऱ्याला नाशिकच्या चालीरीती ठाऊक असतील, असे आपण गृहीत धरू नये.

सर्वांत मोठा गुंता नावाचा. आपल्याकडे मुलीच्या नावापुढे वडिलांचे नाव आणि माहेरचे आडनाव असते. लग्न झाले की मधले नाव आणि आडनाव दोन्ही बदलतात, आणि काही घरांत पाळण्यातले नावही बदलून नवे नाव तांदळाच्या ताटात अंगठीने लिहिले जाते. ही हौस घराच्या आनंदाची आहे आणि तिच्याविषयी मला काहीच म्हणायचे नाही. पण त्यानंतर कोणी उत्साहाने आधार कार्ड बदलून आणते, बँक खात्यावर सासरचे नाव चढते, पासपोर्ट आणि शाळा सोडल्याचा दाखला माहेरच्याच नावाचे राहतात आणि विवाह नोंदणीच्या दाखल्यावर दोहोंचे मिश्रण उमटते. एकाच मुलीची अशी तीन नावे घेऊन अर्ज जातो. विवाहानंतर नाव बदललेच पाहिजे असे कोणताही कायदा म्हणत नाही. पूर्वी वापरलेली इतर नावे कोणती, असा प्रश्न कॅनडाच्या अर्जात स्वतंत्रपणे विचारलेला असतो, म्हणजे नावे वेगळी असणे हा दोष मानला जात नाही; त्या वेगळेपणाचा उल्लेख आणि आधार नसणे हा दोष ठरतो. म्हणून माझे स्पष्ट मत असे आहे की परदेशी जाणाऱ्या मुलीने अर्जाचा निकाल लागेपर्यंत पासपोर्टवरचेच नाव सर्वत्र ठेवावे, आणि सासरच्या मंडळींनी त्यात कमीपणा मानू नये. नाव बदलायचेच असेल तर राजपत्रातील प्रसिद्धी, पासपोर्ट, आधार आणि बँक हे सगळे अर्जापूर्वी पूर्ण करावे. अर्ज चालू असताना पासपोर्ट बदलला, तर तेही तिकडे कळवावे लागते.

त्याच्या जोडीला इंग्रजी स्पेलिंगचा त्रास आहे. दीपाली या नावात एका दाखल्यावर दोन ‘ई’ असतात, दुसऱ्यावर एक ‘आय’; चौधरी, दीक्षित, वैद्य ही आडनावेही तीन-तीन प्रकारे लिहिलेली मी पाहिली आहेत. मराठीत नाव एकच असल्यामुळे घरात कोणाला ते खटकत नाही.

विवाह नोंदणीचा दाखला हा या संपूर्ण अर्जाचा कणा असतो. सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २००६ मध्ये सर्व विवाहांची नोंदणी बंधनकारक करण्याचे निर्देश दिले. आपल्या राज्यात त्याआधीच १९९८ चा विवाह नोंदणीविषयक कायदा झालेला होता. शहरात ही नोंदणी महापालिकेच्या विभागीय कार्यालयांत होते आणि गावात ती ग्रामपंचायतीत होते. वधू-वरांसोबत तीन साक्षीदार लागतात, विधी लावणाऱ्या गुरुजींची सही लागते आणि लग्नपत्रिकाही जोडावी लागते. रजेवर आलेल्या मुलाचे शेवटचे दोन-चार दिवस यातच जातात. पंचवटीतल्या गुरुजींना भर लग्नसराईत पुन्हा सहीसाठी गाठणे किती कठीण असते, हे ज्यांनी अनुभवले त्यांनाच ठाऊक. म्हणून ती सही लग्न लागल्याबरोबर मंगल कार्यालयातच घेऊन ठेवावी. पत्रिकेत नवऱ्या मुलीचे घरातले लाडके नाव छापायचे असले, तरी पासपोर्टवरचे नावही पूर्ण छापावे. विशेष विवाह कायद्याखाली नोंदणी पद्धतीने लग्न करायचे असेल, तर तीस दिवस आधी नोटीस द्यावी लागते. मुलगा विमानतळावर उतरल्यानंतर ही गोष्ट कळून उपयोग नसतो.

माझ्या पाहण्यात असे आले की दाखला हातात पडल्यावरच त्यातली चूक लक्षात येते. नात्यातील एका मुलीच्या दाखल्यावर विवाहाच्या तारखेच्या जागी नोंदणीची तारीख छापली गेली. तोवर नवरा परत गेलेला होता, आणि दुरुस्तीसाठी दोघांनीही समक्ष यावे, असे तिला सांगण्यात आले. दाखल्याची अंतिम प्रत काढण्याआधी तिचा कच्चा मसुदा वधू-वरांना वाचायला दिला असता, तर हे टळले असते. भारताचे पासपोर्ट ज्या नाशिकरोडच्या मुद्रणालयात छापले जातात, त्याच शहरात पासपोर्ट समोर ठेवून, त्यावरचे स्पेलिंग अक्षर न् अक्षर जुळवून विवाहाचा दाखला देणे आपल्याला जमलेच पाहिजे.

जन्मतारखेचा प्रश्न माझ्या जुन्या कामाशी थेट जोडलेला आहे. पूर्वी घरी जन्मलेल्या मुलांची नोंद अनेकदा होतच नसे, आणि शाळेत नाव घालताना गुरुजी १ जून ही तारीख लिहून टाकत, कारण शाळा जूनमध्ये सुरू होई. पेठ, सुरगाणा, दिंडोरी या भागांतून आलेल्या कित्येक पालकांचा जन्म कागदोपत्री १ जूनचाच आहे. अर्जात जोडीदाराच्या आई-वडिलांच्या आणि भावंडांच्याही जन्मतारखा भरायच्या असतात. तेव्हा आधार एक तारीख सांगते आणि शाळेचे जनरल रजिस्टर दुसरी. शाळा सोडल्यानंतर दाखल्यावरची जन्मतारीख बदलणे अत्यंत अवघड असते, आणि ते तसे असणेच योग्य आहे. अशा वेळी कोणती तारीख कोणत्या आधारावर दिली, हे एका साध्या पत्रात लिहून अर्जासोबत जोडावे. ‘कशी तरी जुळवून’ आणलेला नवा दाखला मात्र कधीही जोडू नये.

नात्याच्या पुराव्यांबाबत आपल्या समाजात सर्वाधिक गैरसमज आहेत. ठरवून केलेल्या लग्नात मुलगा-मुलगी लग्नापूर्वी एक-दोनदाच भेटलेली असतात, आणि तिकडच्या अधिकाऱ्याला हे संशयास्पद वाटेल, या भीतीने काही सल्लागार कुटुंबांना खोटी प्रेमकहाणी रचायला सांगतात. दोघांना सोमेश्वरला किंवा पांडवलेण्यांपाशी वेगवेगळे कपडे घालून एकाच दिवशी फोटो काढायला लावले जाते. यासारखी घातक गोष्ट नाही. कॅनडाच्या कायद्यात खोटी माहिती दिल्यास पाच वर्षे प्रवेशबंदी होऊ शकते. ठरवून केलेले लग्न तिथे अमान्य नाही. ते कसे ठरले, हे प्रामाणिकपणे सांगितलेले असले म्हणजे पुरते. स्थळ कोणी सुचवले, पाहण्याचा कार्यक्रम कोणाच्या घरी झाला, सुपारी फुटली तेव्हा कोण कोण हजर होते, साखरपुडा आणि लग्न यांत किती अंतर होते, केळवणे कोणी केली, ही सगळी माहिती अर्जातल्या नात्याविषयीच्या प्रश्नावलीत आपोआप बसते. आजी-आजोबांसकट घरची मंडळी असलेले हळदीचे आणि सप्तपदीचे फोटो, मंगल कार्यालयाची पावती, आहेराची वही, विम्यावर आणि बँक खात्यावर जोडीदाराचे नामनिर्देशन, लग्नानंतर एकमेकांना भेटायला केलेल्या प्रवासाची तिकिटे, घरखर्चासाठी पाठवलेल्या पैशांच्या नोंदी, हे पुरावे आपल्या घरांत असतातच. फक्त कोणी ते जपून ठेवत नाही. फोटोंची आणि संदेशांच्या पानांची संख्या अर्जाच्या कागदपत्रांच्या यादीत मर्यादित केलेली असते, म्हणून पाचशे फोटोंचा अल्बम पाठवण्यापेक्षा निवडक फोटोंखाली तारीख, ठिकाण आणि त्यातल्या माणसांचे नाते लिहावे.

बाकीच्या कागदांबाबत थोडक्यात. पासपोर्ट कार्यालयाचा पोलीस पडताळणी दाखला फार लवकर काढू नये. कॅनडासाठी, आपण सध्या जिथे राहतो त्या देशाचा दाखला अर्जाच्या वेळी सहा महिन्यांहून जुना चालत नाही, आणि गेल्या दहा वर्षांत सलग सहा महिने किंवा अधिक जिथे राहिलो, त्या प्रत्येक देशाचा तो लागतो. मराठी दाखल्यांचे भाषांतर अर्जदाराने किंवा त्याच्या नातलगाने केलेले चालत नाही, मग त्यांचे इंग्रजी कितीही उत्तम असो. पहिला विवाह झालेला असेल, तर न्यायालयाच्या घटस्फोट हुकूमनाम्याची प्रमाणित नक्कल द्यावी. नोटरीसमोर मुद्रांकावर लिहिलेल्या काडीमोडीवर विसंबू नये. यादीत न मागितलेल्या कागदांवर अपोस्टिलचा, म्हणजे कागद परदेशात ग्राह्य धरला जावा यासाठीच्या सरकारी प्रमाणीकरणाचा, शिक्का घेण्यासाठी पैसे खर्च करण्याआधी ती यादी स्वतः वाचावी. ती त्या-त्या देशाच्या सरकारी संकेतस्थळावर विनामूल्य उपलब्ध असते.

महापालिका आणि जिल्हा परिषद यांना माझी विनंती अशी की, विवाह नोंदणीचा दाखला अंतिम करण्याआधी त्याचा मसुदा वधू-वरांना वाचायला देऊन त्यांच्या सह्या घ्याव्यात, ज्यांच्याकडे पासपोर्ट आहे त्यांचे इंग्रजी स्पेलिंग त्यावरूनच घ्यावे, आणि कार्यालयाकडून राहिलेली चूक दुरुस्त करताना परदेशी असलेल्या जोडीदाराला भारतीय दूतावासात साक्षांकित केलेल्या अधिकारपत्राद्वारे संमती देण्याची मुभा असावी. ग्रामपंचायतींतील हाताने लिहिलेल्या जुन्या मराठी दाखल्यांऐवजी मागणी करताच मराठी-इंग्रजी छापील प्रत मिळण्याची सोय तालुक्याच्या ठिकाणी झाली, तर सुरगाण्याच्या मुलीला त्यासाठी नाशिकपर्यंत यावे लागणार नाही. येती लग्नसराई सुरू होण्यापूर्वी यातील मसुदा वाचायला देण्याची पद्धत तरी प्रत्येक विभागीय कार्यालयात सुरू व्हावी. त्यासाठी नवा कायदा लागत नाही.

आपली विश्वासू,
एक निवृत्त शालेय लिपिक
इंदिरानगर, नाशिक