तुझ्या ब्लॅकआउटला हात लावायचाय

पुणे, 18 जानेवारी 2026

प्रिय नंदू,

तुझ्या ब्लॅकआउटला हात लावायचाय. शेवटचा तो मिट्ट काळोख बदलायचाय, हे आधीच लिहून टाकते, नाहीतर मी चार पानं इकडचं तिकडचं लिहीन आणि तू वैतागून म्हणशील, मुद्द्यावर ये बाई. तर मुद्दा हा. तू लाइट्स केलेली आपली जुनी एकांकिका, 'विहीर', आपण परत करतोय. सदा, विद्या, देशपांड्या, मी आणि दोन नवी पोरं. मार्चच्या शेवटच्या रविवारी, शनिवार पेठेतल्या छोट्या हॉलमध्ये, दोन प्रयोग. रात्री साडेआठचा तुझ्या लाइट्सच्या प्लॉटबरहुकूम. सकाळी अकराचा माझ्या भावासाठी, मन्यासाठी, आणि त्याच्यासारख्या ऑटिझम असलेल्यांसाठी.

आता तुझ्या कपाळावर कुठली आठी पडली ते मला इथून दिसतंय. वाच पुढे.

बाकी सगळे बरे. आईचे गुडघे जैसे थे, माझी थायरॉइडची गोळी वाढवलीय, ह्यांचं बीपी ह्यांच्या स्वभावाप्रमाणे. झालं.

हे सुरू कुठून झालं ते सांगते. दिवाळीनंतर मन्याला एका व्यावसायिक नाटकाला नेलं. कुठलं, कुठल्या थिएटरात ते विचारू नकोस, तू फोन करून भांडशील. ते नाटक त्याने मोबाइलवर ऐकून ऐकून पाठ केलेलं, आणि त्याचं पाठ म्हणजे काय ते तुला मी सांगायला नको. विद्याच्या खोकल्यासकट अख्खी 'विहीर' म्हणून दाखवायचा तो. तर तिथे नटाच्या अर्धा श्वास आधी ह्याचं वाक्य. पहिल्यांदा लोक हसले. नटानेही सांभाळून घेतलं. मग मागून 'शूऽऽ' सुरू झालं, मग 'अहो, आवरा', मग टॉर्च घेऊन डोअरकीपर. 'मॅडम, ह्यांना जरा बाहेर बसवता का?' तिकिटं साडेचारशेची, नंदू. डावीकडचे काका त्या दोन अंकांत फोनवर वास्तुशांतीची तारीख ठरवत होते, त्यांना कोणी काही बोललं नाही.

बाहेर मी धुमसत बसले आणि मन्या वडा खाता खाता पुढचा प्रवेश म्हणायला लागला. डोअरकीपर आधी लांब उभा होता. मग जवळ आला आणि म्हणाला, 'नाही, नाही, आधी तो चष्मा काढतो, मग बोलतो.' दर प्रयोगाला दाराच्या फटीतून ऐकणारा माणूस तो, त्यालाही सगळं पाठ! दोघांनी मिळून शेवटपर्यंत केलं. सासूचं काम डोअरकीपरकडे. आतल्यापेक्षा बरी केली. पण माझा राग गेला नाही तो नाहीच.

त्या रागातच मला कॉमिक कॉन आठवलं, कॉमिक्सवेड्यांची ती जत्रा. गेल्या वर्षी चिनूबरोबर मन्याला मुंबईत बीकेसीत नेलं होतं, जिओ वर्ल्डमध्ये. मी जायला तयारच नव्हते. एवढी गर्दी, एवढा गोंगाट, मन्याचं काय होणार. कानांवर बांधकामावाल्यांचे ते इअरमफ चढवून नेला त्याला. आणि तिथे काय, कोणाच्या पाठीवर पुठ्ठ्याचे पंख, कोणी डोक्यापासून पायापर्यंत निळं. इअरमफवाल्या पन्नाशीच्या माणसाकडे कोण बघतंय? एका पोराने उलट विचारलं, 'काका, हा कुठला कॅरॅक्टर?' वर आपापल्या लाडक्या पात्राचे डायलॉग मोठमोठ्याने म्हणणं हे तिथे भक्तीचं लक्षण. मन्याने आपल्या विहिरीतलं देशपांड्याचं स्वगत ठोकलं तर चार जणांनी टाळ्या वाजवल्या. मराठी न कळणाऱ्यांनी! तिथे त्याला फॅन म्हणतात, इथे टॉर्च मारतात.

आता तू तुझं ठेवणीतलं वाक्य काढशील, की नाटक म्हणजे अंधार आणि शांतता, जत्रा नव्हे. बयो, ती शांतता आलीय कधी आपल्याकडे? 1880 साली किर्लोस्करांचं शाकुंतल पुण्यात उभं राहिलं, तेव्हापासून लोक पदापदाला 'वन्स मोअर' ओरडत आले आणि नट मेलेला असला तरी उठून पद परत म्हणत आला. कोकणातला दशावतार तर तूच मला दाखवलास, तुझ्या आजोळी. पुढच्या रांगेत पोरं झोपलेली, मागे भजीवाला, आणि संकासुर सरळ प्रेक्षकांत घुसलेला. तिथे मन्या बसला असता तर लोकांनी त्याला पेटीवाल्याशेजारी जागा करून दिली असती. आणि भरत नाट्य मंदिरात पुरुषोत्तम करंडक एकांकिका स्पर्धेच्या वेळी 'आवाज कुणाचा' करून घसे बसवून घेणारी आपणच ना? पडदा वर गेला की लगेच सगळे ऋषी.

असो. सदाला हे सगळं बोलले तर तो म्हणाला, मग करू की एक प्रयोग तसा. मला तुझं जुनं पत्र आठवलं, तू शेजारणीच्या मुलाबरोबर ब्रॉडवेला गेली होतीस ते. 2011 पासून थिएटर डेव्हलपमेंट फंडवाले ऑटिझम असलेल्यांसाठी वेगळे प्रयोग करतात, पहिला 'लायन किंग'चा. फ्लॅशचे दिवे कमी, आवाज खाली, लॉबीत शांत बसायला जागा, आणि काय काय होणार ते घरी आधीच चित्रांसकट वाचायला. तेव्हा मी ते नुसतं वाचून सोडून दिलं होतं. आता यादी करून भिंतीवर लावलीय. हॉलचे दिवे पूर्ण घालवायचे नाहीत. दार उघडं. उठावं, फिरावं, बोलावं, कोणी हटकणार नाही. ढगांच्या गडगडाटाचा पत्रा बाद. ह्याला 'रिलॅक्स्ड' प्रयोग म्हणतात म्हटल्यावर देशपांड्या म्हणाला, आपल्या तालमी बघता आपला प्रत्येकच प्रयोग रिलॅक्स्ड असतो.

एक शाळा पंधरा मुलं आणतेय. त्यांच्या बाईंनी पहिलाच प्रश्न विचारला, 'मिट्ट काळोख आहे का हो कुठे?' त्यांच्यातला एक मुलगा अंधाराला फार घाबरतो. मी छातीठोकपणे सांगितलं, नाही.

आणि मग मागच्या रविवारची तालीम.

मन्याला मुद्दाम नेला, म्हटलं त्याच्यावरच आजमावून बघू. तिसऱ्या रांगेत, कडेची खुर्ची. सगळं नीट चाललं होतं. देशपांड्याचं वाक्य त्याच्या आधी म्हणत होता, देशपांड्याला उलट बरं वाटलं, हल्ली त्याला आठवत नाही काही. मग शेवट आला. दोर तुटतो, सदा विहिरीत खाली जातो, आणि तुझा ब्लॅकआउट. सात आकडे मोजेपर्यंत अंधार. त्याऐवजी आम्ही निळा दहा टक्क्यांवर ठेवला आणि हॉलचे दिवे तीसवर. थेंबांचा आवाज सुरू झाला. मन्या थांबला. मान वळवून वर दिव्यांकडे बघायला लागला. मग हात चावायला लागला. मला कळेना. दिवे चालू आहेत, आवाज हळू आहे, मग ह्याला होतंय काय? विद्या पाणी घेऊन धावली. आणि तो ओरडला, 'लाइट जाऊ दे! लाइट जाऊ दे!' कोणीतरी घाबरून मेन बंद केलं. मिट्ट अंधार. सात तरी आकडे गेले असतील. आणि त्या अंधारात मन्या एकदम शांत, खणखणीत आवाजात, 'लाइट गेली! मेणबत्ती आणा!'

नंदू, तेच. त्याच सुरात, स्पर्धेच्या फायनलला तुझ्या ब्लॅकआउटमध्ये प्रेक्षकांतून म्हटलं होतं तस्संच. आपण एवढी वर्षं समजत होतो की त्या रात्री तो घाबरून ओरडला. निदान ह्या वेळी तरी घाबरलेला नव्हता. त्याच्या लेखी ते वाक्य नाटकातलं आहे. त्याची एंट्री आहे ती, आणि क्यू आहे तुझा ब्लॅकआउट.

सदा विहिरीत बसून हसत होता की रडत होता मला कळलं नाही. नव्या पोरांना तर काय चाललंय तेच समजेना. मला फक्त तुझं तोंड बघायचं होतं त्या क्षणी.

फायनलनंतर बादशाही खाणावळीच्या रांगेत उभं राहून तू जे बोललीस ते मी विसरलेले नाही. 'त्याला एक दिवस घरी ठेवता आलं नसतं?' दिवाळीपर्यंत बोलले नव्हते तुझ्याशी, आणि बरोबरच केलं. अख्खा हॉल हसला, बक्षीस गेलं, मान्य. पण बक्षीस सदा दुसऱ्या प्रवेशात वाक्य खाल्ल्यामुळे गेलं होतं हे माझं मत आजही कायम आहे, आणि तुझंही आतून तेच असणार.

तर आता माझी पंचाईत बघ. अंधार केला तर शाळेचा तो मुलगा घाबरणार, आणि त्याच्या बाईंना मी शब्द दिलाय. नाही केला तर ज्याच्यापायी हा घाट घातला तोच हात चावत बसणार. विद्या म्हणते मन्याला रात्रीच्या प्रयोगाला बसव. म्हणजे रात्रीच्या लोकांचं परत 'शूऽऽ', आणि मी परत बाहेर वडे खात. देशपांड्या म्हणतो, खरोखरची मेणबत्ती घेऊन कोणीतरी एंट्री घ्या. त्याला उत्तर देऊ नकोस, त्याला तेच हवं असतं.

माझ्या डोक्यात एक आहे, पण लाइट्समध्ये मला काय कळतं हे तू शंभरदा ऐकवलंयस. अंधार एकदम न आणता सदाने खालून मोठ्याने आकडे मोजायचे. एक, दोन, तीन, आणि प्रत्येक आकड्याला थोडा थोडा उतरवायचा. सुरुवातीलाच सगळ्यांना सांगायचं की सातापर्यंत मोजलं की दिवे परत येतात, आणि मुलांनीही मोजायचं. पण इथे खरी गोम आहे. हॉलमध्ये आता सगळे एलईडी आहेत. आपल्या हॅलोजनची तार विझताना कशी लालसर होऊन रेंगाळायची, तू त्यावरच तर जीव टाकायचीस. हे दिवे खाली खाली येतात आणि शेवटच्या टप्प्यात टपकन जातात. तो झटकाच वाईट. ऑपरेटर पोरगा म्हणतो, ह्या दिव्यांत एवढंच होतं. तू असतीस तर त्याला शिडीवरून काहीतरी फेकून मारलं असतंस. विद्याच्या गोडाउनात आपले दोन जुने फ्रेनेल, हॅलोजनचे दिवे, आहेत म्हणे, वायर उंदरांनी खाल्लेली. त्यातला एक तरी जगवता येईल का? आणि हॉलचे दिवे किती ठेवले की मन्याला अंधार 'झाला' वाटेल आणि त्या पोराला 'नाही झाला' वाटेल? असा आकडा असतो का गं?

दुसरी धास्ती वेगळीच. बातमी फुटली आणि दोघांचे फोन आले, एक माजी नगरसेवक, एक क्लबवाले. 'दिव्यांग बांधवांसाठी' बॅनर, शाल, श्रीफळ, मुलांना स्टेजवर उभं करून बिस्किटांचे पुडे. मी म्हटलं, तिकीट काढून या, दीडशे रुपये. परत फोन नाही. वकील झालेला सदाचा भाऊ मला 2016 चा दिव्यांग हक्क कायदा वाचून दाखवत होता. त्यात अपंगत्वाचे सातांचे एकवीस प्रकार झाले, ऑटिझम तेव्हा आला. म्हणून मन्याच्या जुन्या सर्टिफिकेटवर भलताच शब्द आहे, आईने ते कपाटाच्या तळाशी ठेवलंय. त्याच कायद्यात कलम 29 आहे, सांस्कृतिक जीवनात भाग घेण्याचा हक्क. म्हणजे मन्याचं नाटक बघणं हा त्याचा हक्क, बिस्किटाचा पुडा नाही. हे त्या क्लबवाल्यांना कोण सांगणार.

तसं होऊ शकतं हे बघितलंय म्हणून जास्त चिडचिड होते. डिसेंबरात पणजीला सेरेंडिपिटी कला महोत्सवाला गेलो होतो. हात लावून बघायची चित्रं, खुणांच्या भाषेतले दुभाषे, आणि कोणी भाषण करत नव्हतं. मन्याने सगळ्याला हात लावला, ज्याला लावायचा नव्हता त्यालाही.

तुझं काय? बृहन्महाराष्ट्र मंडळाच्या सिॲटलच्या अधिवेशनाला जाणार आहेस का ऑगस्टमध्ये? मंडळाच्या नाटकाचे लाइट्स परत तुझ्याच गळ्यात पडले असतील. अनघाचं लग्न ठरलं का मोडलं, दोन्ही बाजूंनी वेगवेगळं कानावर येतंय. घराचं काम संपलं असेलच. सासूबाईंचं कळलं, फोन करणार होते, तुझी रात्र आणि माझी सकाळ जुळली नाही.

तर मला हवंय ते एवढं. शेवटच्या प्रवेशाचा नवा प्लॉट, दहा चॅनल, सहा एलईडी आणि जगला तर एक फ्रेनेल, एवढ्यात बसवून पाठव. फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात मिळाला तर त्या पोराला तालीम देता येईल. आणि सात आकडे सातच ठेवायचे की वाढवायचे तेही सांग, मन्याच्या वाक्याला जागा पुरली पाहिजे. प्लॉटच्या कागदावर त्याचं वाक्य क्यू म्हणून लिही, तुझ्या अक्षरात. मी त्याला दाखवणार आहे.

'नाही' म्हणायचं असेल तर लिहू नकोस, फोन कर. भांडायला बरं पडतं.

तुझी
शुभा

ता. क. आईने विचारलंय, मेतकूट अजून आहे का. देशपांड्याची पुतणी येतेय तिकडे मार्चमध्ये, तिच्याबरोबर पाठवते.