शांत आभाळाचे वर्ष सरासरीत बुडवू नका

संपादक महोदय,

जगभरातील विमान प्रवाशांची संख्या २०१९ च्या आकड्यापुढे गेली, ही बातमी आनंदाचीच आहे. महासाथीत या क्षेत्रातल्या असंख्य लोकांच्या नोकऱ्या गेल्या होत्या. पण प्रत्येक वाढीव उड्डाणाखाली कुणाचे तरी घर असते, कुणाची तरी शाळा असते. मी प्राथमिक शाळेत शिकवते आणि आमची शाळा विमाने उतरतात त्या मार्गाच्या बरोबर खाली आहे, म्हणून हे पत्र लिहीत आहे.

विमान जवळ आले की मी बोलणे थांबवते. चाके बाहेर काढलेली, पंखांच्या पट्ट्या उघडलेल्या, अशा स्थितीत ते छपरावरून जाते तेव्हा आवाज केवळ इंजिनाचा नसतो. त्या उघड्या भागांवर आदळणाऱ्या हवेचाही असतो. खिडक्या लावून तो थांबत नाही. उत्तर सांगायला उठलेले मूल तसेच उभे राहते. आवाज ओसरला की धीट मुले वाक्य पुरे करतात, बुजरी मात्र गुपचूप खाली बसतात. श्रुतलेखनाच्या वह्या तपासताना शब्दांचे शेवट गायब असतात. मी ‘नदीकाठच्या’ सांगितलेले असते, वहीत ‘नदीका’ एवढेच. पालक विचारतात, मुलाचे लक्ष कुठे असते? लक्ष असते हो, ऐकूच येत नाही.

मग २०२० साल आले. आदल्या वर्षी जगात सुमारे साडेचार अब्ज प्रवासी विमानाने गेले होते, त्या वर्षी जेमतेम १.८ अब्ज. आभाळ मोकळे झाले. पण ज्या वर्षी आम्हाला अख्खा तास न थांबता शिकवता आले असते, त्याच वर्षी वर्गात मुले नव्हती. याची रुखरुख मला अजून आहे. मुले त्याच मार्गाखालच्या आपापल्या घरांतून फोनवर शिकत होती. वर्गात कधी तोंड न उघडणारी एक मुलगी तेव्हा आख्खी कविता न अडखळता म्हणून गेली. मी तिला पुन्हा म्हणायला लावली.

त्या काळात रात्री विमाने येत, ती बहुधा मालाची. प्रवासी विमानांच्या खुर्च्यांवरही खोकी बांधून मुखपट्ट्या आणि औषधे नेली जात होती, पुढे लशीही विमानानेच आल्या. त्या आवाजाबद्दल माझी काडीचीही तक्रार नाही. तक्रार आहे ती साथीच्या सुरुवातीला युरोपात झालेल्या प्रकाराबद्दल. तिथे विमानतळावर उतरण्या-उडण्यासाठी ठरवून दिलेल्या वेळांपैकी ८० टक्के वेळा वापरल्या नाहीत, तर विमान कंपनीचा त्या वेळांवरचा पुढच्या हंगामातला हक्क जातो. तो टिकवण्यासाठी जवळजवळ रिकामी विमानेही उडवली गेली. मार्च २०२० च्या अखेरीस युरोपीय संघाने ही अट स्थगित केली. खाली राहणाऱ्यांनी तोवर हा आवाज सोसला तो कोणासाठी? विमानात तर माणसेच नव्हती!

आता मुद्द्याचे. विमानतळाचा आवाज बहुतेक ठिकाणी सरासरीने सांगतात. डेसिबलचे गणित असे, की विमाने दुप्पट झाली तरी सरासरी फक्त ३ डेसिबलने वाढते. अहवालात ‘किरकोळ वाढ’ असे लिहून येते, वर्गात मात्र मला दुप्पट वेळा थांबावे लागते. युरोपातल्या पद्धतीत रात्रीच्या विमानाला १० डेसिबल जास्तीचे धरतात, म्हणजे रात्रीचे एक विमान दिवसाच्या दहांबरोबर. हे न्याय्य आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ मध्ये विमानांच्या आवाजासाठी अशा सरासरीची ४५ आणि रात्रीसाठी ४० डेसिबल ही मर्यादा सुचवली. पण झोप सरासरीने मोडत नाही, एकेका विमानाने मोडते. म्हणून सरासरीच्या शेजारी विमानांची संख्या आणि प्रत्येकाचा कमाल आवाज छापलाच पाहिजे.

आणि २०२० व २०२१ ही वर्षे वेगळी ठेवा. अनेक वर्षांच्या सरासरीत ती मिसळली की आवाज कमी झाल्यासारखा दिसेल, आणि त्या जोरावर नवी उड्डाणे मंजूर होतील. उलट, आवाज थांबला तर काय होते हे तपासण्याची अशी संधी फार क्वचित मिळते. म्युनिकमध्ये १९९२ साली जुना विमानतळ बंद करून नवा दुसरीकडे सुरू झाला, तेव्हा संशोधकांनी दोन्हीकडच्या मुलांची आधी आणि नंतर चाचणी घेतली. जुन्या विमानतळाजवळच्या मुलांची स्मरणशक्ती आणि वाचन सुधारले, नव्याजवळच्या मुलांचे बिघडले. २००५ साली ब्रिटन, नेदरलँड्स आणि स्पेनमधल्या विमानतळांजवळच्या मुलांच्या अभ्यासातही आवाज वाढला तसे वाचनाचे आकलन घटलेले दिसले. आमच्या मुलांची प्रगतीपुस्तके मी वर्षानुवर्षे भरते आहे, त्यामुळे मला या निष्कर्षांचे नवल वाटले नाही. राग मात्र आला, कारण हे इतकी वर्षे ठाऊक आहे.

विमानतळ बंद करा, असे मी म्हणत नाही. पायरीपायरीने उतरणारे विमान मध्येच समपातळीवर उडते, तेव्हा इंजिनाचा जोर वाढवावा लागतो. तेच सलग उतरले तर आवाज कमी होतो आणि इंधनही वाचते. आभाळात गर्दी नसते तेव्हा हे सोपे जाते. गर्दीतही ते जमवावे, निदान शाळेच्या वेळेत आणि रात्री. साथीच्या निमित्ताने जिथे रात्रीच्या जादा परवानग्या दिल्या गेल्या, तिथे त्यांची मुदत जाहीर करावी आणि मुदत संपली की त्या खरोखर रद्द कराव्यात. नव्या धावपट्टीचा आराखडा जनसुनावणीला ठेवताना २०१९ आणि २०२० चे आवाजाचे नकाशे शेजारी शेजारी लावावेत, आणि ते शाळांना सुनावणीच्या दिवशी नव्हे, महिनाभर आधी मिळावेत.

आपली,
एक प्राथमिक शिक्षिका