नाव एकट्या होकुसाईचंच का?

संपादक महोदय,

रविवारच्या पुरवणीत टोकियोतल्या जपानी वुडब्लॉक प्रिंटच्या प्रदर्शनावरचा लेख वाचला. फोटो मस्त आलेत, आणि मराठी पेपरात उकियो-ए वर, म्हणजे लाकडी फळ्या कोरून छापलेल्या जुन्या जपानी चित्रांवर, अख्खं पान येतंय हेच मुळात भारी वाटलं, मी नोकरीनिमित्त टोकियोत असतो त्यामुळे जरा जास्तच. पण लेखात जुना जपानी चित्रकार होकुसाई याच्या प्रिंटना जागोजागी 'होकुसाईच्या हातची मूळ चित्रं' असं म्हटलंय ते मात्र खटकलं, म्हणून हे पत्र.

त्या प्रिंटच्या कागदाला होकुसाईचा हातही लागलेला नसतो हो. तो पातळ कागदावर काळ्या शाईत रेखाटन करून द्यायचा, मग तो कागद उलटा करून चेरीच्या फळीवर चिकटवायचे आणि कोरणारा कारागीर त्या कागदासकट लाकूड कोरून काढायचा. म्हणजे मूळ रेखाटन त्या कामातच संपलं! आपण काचेआड बघतो ती त्यानंतर निघालेल्या शेकडो, हजारो प्रतींपैकी एक. तिच्यामागे चार माणसं असतात: पैसा घालून विषय ठरवणारा प्रकाशक, चित्रकार, कोरणारा आणि छापणारा. लेखात यातला एकच आला, बाकीचे तिघं गायब.

बरं हा दोष फक्त तुमच्या लेखाचा नाही, म्युझियमवालेही तेच करतात. इथल्याच एका म्युझियममध्ये मी बघितलं, प्रिंटखालच्या पाटीवर चित्रकाराचं नाव, मालिकेचं नाव, साल, इतकंच काय ती प्रिंट कुणी देणगी दिली त्याचंसुद्धा नाव होतं, कोरणाऱ्याचं नाही. गंमत म्हणजे 1850 च्या आसपासच्या बऱ्याच प्रिंटवर कोरणाऱ्याचा चिमुकला शिक्का चक्क चित्रातच असतो, या प्रिंटवरही कोपऱ्यात होता, तरी पाटी लिहिणाऱ्याला तो दिसला नाही की लिहावासा वाटला नाही कोण जाणे.

आता कोरणं म्हणजे किती मोठी गोष्ट आहे ते बघायचं असेल तर उतामारो या चित्रकाराच्या चित्रांतल्या बायकांच्या चेहऱ्यांपाशी थांबा आणि कपाळावर केस सुरू होतात ती रेघ नीट बघा. तिथला एकेक केस लाकडात उभा ठेवलेला असतो, म्हणजे केसाच्या दोन्ही बाजूंचं लाकूड काढून टाकायचं आणि मधली केसाएवढी भिंत तशीच राहू द्यायची, सुरी जरा घसरली की फळीच बाद. हे काम नवख्याला मिळायचं नाही, तो कपडे आणि पार्श्वभूमी कोरायचा, डोकं उस्तादाकडे. चित्रकार तर रेखाटनात तिथे नुसता अंदाज देऊन मोकळा व्हायचा, केस खरे कोरणाऱ्यानेच काढलेले. होकुसाई स्वतः पोरवयात लाकूड कोरायला शिकला होता त्यामुळे त्याला हे पक्कं ठाऊक होतं, आपलं काम एगावा तोमेकिची या कारागिराकडूनच कोरून घ्या असा त्याने प्रकाशकाला पत्र लिहून आग्रह धरला होता. ज्याचं नाव आपण एवढं मोठं छापतो त्याला कोरणाऱ्याची किंमत कळत होती, आपल्यालाच कळत नाही.

छापणाऱ्याचं तर कुणी नावच घेत नाही. प्रत्येक रंगाला वेगळी कोरलेली फळी, आणि कागद दर वेळी बरोब्बर त्याच जागी बसला पाहिजे, त्यासाठी फळीच्या कडेला दोन खाचा असतात, बस्स, बाकी सगळा हाताचा अंदाज. कागद ओलसर ठेवायचा आणि पाठीवरून बांबूच्या कोंबावरच्या सालीत गुंडाळलेल्या गोल गादीने घासायचं. हिरोशिगे या चित्रकाराच्या निसर्गचित्रात वरचं आकाश गडद निळं आणि खाली उतरत उतरत फिकट होत जातं ना, ते लाकडात कोरलेलं नसतं, छापणारा दर कागदाला फळीवरचा रंग ओल्या फडक्याने नव्याने उतरवत नेतो. म्हणून एकाच चित्राच्या दोन प्रती शेजारी ठेवल्या तर एकीत संध्याकाळ वाटते आणि दुसरीत भर दुपार. मग 'हिरोशिगेचं आकाश' म्हणताना थोडं थांबायला नको का?

प्रकाशकाचं म्हणाल तर पैसा त्याचा आणि जोखीमही त्याचीच. त्सुताया जुझाबुरो या प्रकाशकाने उतामारोला पुढे आणलं, 1794 मध्ये शाराकू या चित्रकाराची नटांची चित्रं छापून बाजारात आणली, आणि त्याच्या तीन वर्षं आधी सरकारला न रुचलेली पुस्तकं छापली म्हणून त्याची अर्धी मालमत्ता जप्त झाली होती. हे सगळं कशासाठी, तर साधारण सोबाच्या (जपानी शेवयांच्या) एका वाडग्याच्या भावात विकल्या जाणाऱ्या कागदासाठी. 2023 मध्ये होकुसाईच्या 'कानागावाची मोठी लाट' या प्रिंटची एक प्रत न्यूयॉर्कला लिलावात 27 लाख डॉलरच्या वर गेली, असो, तो वेगळा विषय.

लेखात अंधुक उजेडाबद्दल आणि गाजलेलं चित्र नेमकं त्या दिवशी लावलेलं नव्हतं याबद्दल जी तक्रार आहे ती मात्र मला पटली नाही. त्या काळचे वनस्पतीचे रंग, विशेषतः करडईचा लाल आणि एका रानफुलापासून काढलेला निळा, उजेडात भराभर उडतात, म्हणून दिवे मंद ठेवतात आणि प्रिंट काही आठवडेच बाहेर काढून परत अंधारात ठेवतात. बोस्टनच्या म्युझियमला स्पॉल्डिंग बंधूंनी 1921 मध्ये हजारो प्रिंट दिल्या त्या कधीच प्रदर्शनात मांडायच्या नाहीत या अटीवर, आणि म्हणूनच त्यांचे रंग आजही ताजे आहेत. बघायलाच मिळणार नसतील तर काय उपयोग असं मलाही वाटतं, पण रंग टिकले ते त्या अटीमुळेच, काय करणार.

तर विनंती एवढीच की पुढच्या वेळी असा लेख कराल तेव्हा चौघांबद्दल दोन ओळी तरी येऊ द्या, नावं मिळाली तर नावं द्या, नसतील मिळत तर 'कोरणारा अज्ञात' एवढं तरी छापा. फोटोही अख्ख्या चित्राबरोबर एखाद्या तुकड्याचा मोठा करून द्या, केसांचा किंवा आकाशाचा.

आणि वाचकांपैकी कुणी टोकियोला येणार असेल तर हाराजुकूचं ओता हे उकियो-ए चं म्युझियम बघा, तिथली प्रदर्शनं सारखी बदलत असतात त्यामुळे आधी वेबसाइट बघूनच निघा. सुमिदाचं होकुसाई म्युझियमही छान आहे पण तिथल्या कायमच्या दालनात बहुतेक प्रतिकृती असतात हे माहीत असू द्या. कुठे 'लाट' दिसलीच तर डावीकडे वर नावाची चौकट आहे तिच्या डाव्या रेघेकडे बघा, ती तुटलेली असेल तर फळी झिजल्यानंतरची प्रत आहे असं समजा.

आपला,
एक वाचक, टोकियो